आज पट्टी नाही

आमच्या रुग्णालयाने एका सात वर्षांच्या मुलीला फसवलं. फसवणारा माणूस तिथला मोठा डॉक्टर आहे, रुग्णालयात त्याची भागीदारी आहे, आणि फसवण्यासाठी त्याने माझं तोंड वापरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी मला समजावायला येऊ नये की प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात. या गोष्टीची दुसरी बाजू मी बरेच दिवस शोधली. सापडली नाही.

माझ्या ओळखपत्रावर चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट असा लांबलचक हुद्दा छापलेला आहे. वॉर्डात मला खेळवाली मावशी म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं. भाजलेलं मूल येतं तेव्हा त्याच्या जखमेकडे बघणारे पुष्कळ असतात. त्या मुलाला आता तुझ्याबरोबर काय होणार आहे, कुठे दुखेल, किती वेळ दुखेल आणि त्यात तुझ्या हातात काय आहे हे सांगणारं कुणी नसतं. ते मी सांगते. बाहुलीला पट्टी बांधून आणि सोडवून दाखवते. ड्रेसिंगच्या खोलीत मुलाच्या डोक्याशी बसते. फुगे, गोष्टी, गाणी यात येतात, पण लोकांना वाटतं तेवढंच असतं. आमच्या कार्यालयातल्या एकाने मला एकदा विचारलं, "मॅडम, तुम्हाला पगार खेळायचा मिळतो ना? मजा आहे." मी त्याला तशीच हाताला धरून ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले. तो भिंतीला धरून बाहेर आला. त्यानंतर मला पाहिलं की जिना बदलतो.

मी गास गावची. आमची भाजीची छोटीशी वाडी होती, आई भाजी घेऊन माणिकपूरला रिक्षास्टँडच्या कडेला बसायची आणि शाळा सुटली की मीही तिच्याजवळ जाऊन बसायचे. माझं खरं शिक्षण तिथे झालं. घासाघीस करताना गिऱ्हाईक काहीही बोलतं. पालक कोमेजलाय म्हणतं, वांग्याला नख लावून बघतं, उठून जायचं नाटक करतं आणि चार पावलांवर मान वळवून बघतं. आपणही कमी नसतो. हे सगळं चालतं. पण एकदा दोघांनी "चल, घे" म्हटलं की तो व्यवहार पक्का. मग तळातली किडकी वांगी हळूच पिशवीत सरकवायची नाहीत. आमच्या शेजारी बसणारी एक बाई ते करायची. मी तिच्या हाताकडे बघत राहायचे, आणि ती माझ्याकडे बघून हसायची, जणू आम्ही दोघी एकाच टोळीतल्या. ते हसू मला इतक्या वर्षांनी परत एकदा बघावं लागलं, या वेळी पांढऱ्या कोटाच्या वर.

पुढे मी बालवाडीत शिकवलं, बाहेरून पदवी घेतली, समुपदेशन शिकले, मग या कामाचं प्रशिक्षण घेतलं. कुणी हात धरून पुढे नेलं नाही. रुग्णालयाने मला घेतलं ते दारावरच्या पाटीत माझा हुद्दा शोभतो म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं. म्हणून हो म्हणायच्या आधी मी भाव लावून घेतला. मोडक्या व्हीलचेअर ठेवायची खोली मागितली, ती रिकामी करून घेतली. आणि वॉर्डासाठी अटी घातल्या. मुलाच्या खाटेवर दुखणारं काहीही करायचं नाही, सुईसुद्धा नाही. जे काय करायचं ते वेगळ्या खोलीत. पट्टी बदलायची असेल तर मुलाला आदल्या दिवशी सांगायचं. आणि "काही दुखणार नाही" हे वाक्य माझ्या वॉर्डात कुणी उच्चारायचं नाही.

सिस्टर माझ्यावर चिडायच्या. "तुम्ही सांगून घरी जाता, आणि मग संध्याकाळभर पोरं आमच्या कानाशी रडतात."

"रडू द्या. आज रडून झालेलं मूल उद्या हात देतं."

"आणि नाही दिला तर?"

"तर मला शिव्या द्या. मी रोज इथेच असते."

ड्रेसिंग करणारा भाऊ, म्हणजे वॉर्डातला ब्रदर, वेगळ्याच जातीचा होता. तरुण, दाढीवाला, विरारच्या चाळीत वाढलेला. हात चपळ, तोंडही चपळ. "ताई, दोघांनी पकडलं ना, तर दोन मिनिटांत काम खल्लास. तुझ्या गप्पांमध्ये माझा अर्धा तास जातो."

मी म्हटलं, "तुझ्या दाढीवर वॅक्सची पट्टी लावते आणि दोन मिनिटांत ओढते. मग मला अर्ध्या तासाचं सांग."

त्याने दाढीवरून हात फिरवला आणि हसला. तेव्हापासून तो पट्टीखालची, जखमेला चिकटलेली जाळी सलाइनने भिजवून, सुटेपर्यंत थांबून काढायला लागला. माझं आणि त्याचं असं जमलं होतं. म्हणूनच पुढचं सांगताना मला त्याचीही किळस येते, जरी थोडी कमी.

मुलगी चांदीप गावाकडची. घरी भातशेती, बाप एका कारखान्यात रोजावर. आंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलीवरून उतरवताना कलंडला आणि ही बाजूला उभी होती. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि छातीची डावी बाजू. मी तिच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसले तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू सुई देनारी का?"

"नाही. मी तुझ्याशी सौदा करणारी."

"माज्याकडं कायच नाय," ती म्हणाली. तिची आई पायथ्याशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असावी.

मी विचारलं, "टाइम प्लीज येतं का तुला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिला श्वास घेता येतो का असं विचारलं. "कोनाला नाय येत?"

खरंच कोणाला नाही येत. पकडापकडी खेळताना धाप लागली, चप्पल तुटली, की मूठ ओठांना लावायची, पुढे धरायची आणि टाइम प्लीज म्हणायचं. मग राज्य असणारा कितीही जवळ येऊ दे, त्याला हात लावता येत नाही. गल्लीतला सगळ्यात दांडगट मुलगाही हे मानतो. मी ते कामात आणलं होतं. मुलाने मूठ पुढे केली की ड्रेसिंगच्या खोलीतले सगळे हात वर. मूल "चालू" म्हणेपर्यंत कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही.

"किती येळा?" तिने विचारलं.

"दोनदा."

"धा."

"दहा? मग डॉक्टर जेवणार कधी?"

"डबा आनू दे त्याला."

"तीन."

"तीन तं बारक्या पोरांना." तिने शेजारच्या खाटेवरच्या दीड वर्षाच्या बाळाकडे हनुवटी केली. "मी साळंत जाते."

शेवटी आम्ही पाचवर आलो. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "नि एक बारकी."

"बारकी म्हणजे?"

"मूठ नाय काढायची. नुसतं थांबायचं. नाक पुसाया."

मला इतक्या वर्षांत माझ्या तोडीचं गिऱ्हाईक फार थोड्या वेळा मिळालं आहे. मी बारकी मान्य केली.

पट्टीच्या दिवशी तिला आधी वेदना कमी करणारं औषध मिळायचं, ते चढेपर्यंत आम्ही बाहुलीचं ड्रेसिंग करायचो, मग खोलीत जायचो. ती ओरडायची, शिव्या द्यायची, ड्रेसिंगवाल्या भावाला दाढीवाला बोकड म्हणायची. पण मूठ काढली की तो दोन्ही हात असे वर करायचा, जसे पोलिसांनी बंदूक रोखली आहे, आणि डोळ्यांत पाणी असताना ती हसायची. मग डोळे पुसून स्वतःच म्हणायची, "चालू." हळूहळू तिला पाचांची गरज पडेना. उरलेल्या दुसऱ्या दिवशी मिळाव्यात यासाठी तिने माझ्याशी भांडण काढलं. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस मला हावरी म्हणत होती.

हे सगळं तिचं मन रमवण्यासाठी चाललेलं नव्हतं. भाजलेली कातडी भरून येताना आखडते. कोपराच्या आतल्या बाजूला भाजलेलं असेल तर हात वाकडा राहायला बघतो, आणि मूल तर दुखतं म्हणून तो आपणहून दुमडूनच धरतं. रोज ताणला, फळीवर सरळ बांधून ठेवला, तर सुटतो. नाहीतर परत ऑपरेशन, परत कातडी, परत पट्ट्या. फिजिओथेरपी करणारी मुलगी मला म्हणाली होती, "ताई, मी ओढून सरळ करू शकत नाही. तिने स्वतः दिला पाहिजे." आणि ती देत होती. मी तळहात पुढे धरायचे, ती त्याला बोटं लावायची, मी तो थोडा मागे घ्यायचे, ती अजून हात लांबवायची. थांब म्हटलं की आपण थांबतो हे तिला पटलं होतं. त्या भरवशावर ते कोपर उघडत होतं. दुसऱ्या कशावरही नाही.

मग त्या मोठ्या डॉक्टरांना फिल्म काढायची होती.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मी सावध झाले. आमच्या रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर किती प्रेमाने उपचार होतात हे लोकांपर्यंत पोहोचलं पाहिजे, म्हणाले. खालच्या दालनातल्या टीव्हीवर चालेल, फोनवर फिरेल. त्यासाठी तुमची ती चांदीपची मुलगी छान आहे. डोळे बोलके आहेत.

मी म्हटलं, "माझ्या अटी आहेत."

"तुमच्या नसतील तर कुणाच्या?" ते हसले.

पट्टीचा दिवस नको. ड्रेसिंगची खोली नको, जखम नको. फक्त खेळ. आईला विचारायचं. आणि मुलीने नको म्हटलं की बंद. ते प्रत्येक अटीवर मान हलवत होते. मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मी माणिकपूरचा आहे, शब्दाचा पक्का आहे." आमच्याकडे रिक्षास्टँडवर हे वाक्य कुणी म्हटलं की मी टोपलीवर कापड टाकायचे, सौदा बंद. पण इथे मी खुर्चीवर बसले होते, समोर चहा होता, आणि माणसाच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या होत्या. मी "ठरलं" म्हटलं.

आईने एकच विचारलं, "ताई, फोटू काढाया पट्टी सोडनार तं नाय?"

"नाही."

मुलीला मी बाहुली घेऊन सांगितलं, "उद्या पट्टी नाही. फक्त फोटो आणि खेळ."

तिने विचार केला. "टाइम प्लीज लागंल?"

"नाही लागणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी खोली मलाच ओळखू येईना. भिंतींना ताजा रंग. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डाशेजारी ऑइलपेंटचा तो वास, आणि मुलं खोकत होती. खेळणी नवी आणलेली, पण त्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाने एका ट्रककडे हात केला तर फिल्मवाल्यांच्या माणसाने तो उचलून वर ठेवला. "हे परत द्यायचंय दुकानात." पण मुलगी खूश होती. आईने पिवळ्या फ्रॉकची डावी बाही कापून काठ दुमडून शिवला होता, म्हणजे पट्टीवरून घालता यावा.

सुरुवातीला सगळं ठरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी फुगा दिला, तिने घेतला. त्यांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. कॅमेरा धरलेला माणूस कंटाळला होता. तो म्हणाला, "सर, हे तर कुठल्याही शाळेत होतं. ट्रीटमेंट दिसली पाहिजे ना. थोडं अ‍ॅक्शन."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर थांबता? काचेत तुमची सावली येतेय."

मी बाहेर गेले. दाराला अर्धी काच आहे, तिच्यातून बघत उभी राहिले. कुणीतरी आतून कडी लावली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून असेल. आई खाली औषधाच्या दुकानात गेली होती. मग ड्रेसिंगच्या खोलीकडून उघडणाऱ्या छोट्या दारातून ड्रेसिंगवाला भाऊ ट्रे घेऊन आला आणि तेही दार त्याने मागे लावून घेतलं. त्याने मला काचेतून पाहिलं आणि नजर खाली केली. मला वाटलं, ट्रे दाखवायला आणला असेल. इतकी वर्षं बाजारात बसून मला तसं वाटलं, याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टरांनी पट्टीचं टोक धरलं आणि सोडवायला सुरुवात केली. पट्टीचा दिवस नव्हता, म्हणून औषध दिलेलं नव्हतं. भिजवायला वेळ नव्हता, कारण कॅमेरा चालू होता. वरची गुंडाळी निघाली आणि आतली जाळी कातडीला धरून बसलेली, तिला त्यांनी हात घातला. मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, काचेतून. मग तिने उजवी मूठ ओठांना लावली आणि पुढे केली.

ड्रेसिंगवाल्या भावाचे दोन्ही हात सवयीने वर गेले. डॉक्टर त्याला म्हणाले, "हात खाली घे, फ्रेममध्ये येतायत."

मग तिच्याकडे वळून, "वा! परत एकदा कर बाळा. माझ्याकडे बघून."

हे मी दाराच्या फटीतून ऐकलं. तिला वाटलं, त्यांना दिसलं नाही. म्हणून तिने परत मूठ ओठांना लावली आणि यावेळी नीट, त्यांच्या तोंडासमोर धरली, आणि मोठ्याने टाइम प्लीज म्हणाली. त्यांनी जाळी ओढली.

मी दार बडवत होते, शिव्या देत होते. आतून कॅमेरावाला म्हणाला, "कोणीतरी त्या बाहेरच्या बाईला शांत करा, साउंड खराब होतोय." कडी उघडली तेव्हा काम झालं होतं. जखमेतून रक्त येत होतं, पिवळ्या फ्रॉकला लागलं होतं. डॉक्टर तिच्या मांडीवर चॉकलेट ठेवत होते. ती रडत नव्हती. मूठ अजून पुढे धरलेली होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आई वर आली. तिने फ्रॉक पाहिला, हात पाहिला, मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं. "ताई, तुमीच बोल्ल्या व्हत्या ना, आज पट्टी नाय."

"मला तसंच सांगितलं होतं."

"तिला तं तुमी सांगितलं."



त्या दिवसापासून मुलीने हात छातीशी दुमडून धरला. मी खाटेजवळ गेले की डोळे मिटायची. मी पाणी पुढे केलं तर पीत नव्हती, आईच्या हातून प्यायची. पुढच्या ड्रेसिंगला तिघांना धरावं लागलं. ड्रेसिंगवाल्या भावाने मध्येच आपणहून थांबून दोन्ही हात वर केले आणि वाट बघितली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर जिन्यात तो मला म्हणाला, "ताई, मी काय करणार होतो? सर आहेत ते. नोकरी आहे."

"तोंड होतं ना तुला? माझ्यासमोर तर फार चालतं."

हल्ली तो जाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ भिजवतो. भिजवू दे. मला त्याचं कौतुक नाही.

फिल्म झाली. खालच्या दालनात प्रवेशाच्या समोरच टीव्ही आहे, तिथे ती दिवसभर फिरते. बासरीचं संगीत. फुगा. डॉक्टरांचा हसरा चेहरा. जाळी ओढतानाचा भाग कापला आहे, अर्थातच. पण ती मूठ ठेवली आहे. ओठांना लावलेली आणि पुढे केलेली मूठ, वेग कमी करून, तिचा आवाज काढून टाकून. ती डॉक्टरांना लाडाने पापा पाठवते आहे असं दिसतं. खाली अक्षरं येतात, हसत हसत उपचार. रांगेत उभ्या बायका म्हणतात, "किती गोड आहे गं." मी एकदा त्या टीव्हीचं बटण बंद केलं. सुरक्षारक्षकाने लावलं. मी परत बंद केलं. मग तिथे जाळीचं कपाट बसवलं.

मी केबिनमध्ये गेले. या वेळी चहा नव्हता.

"तुम्ही शब्द मोडलात."

"मॅडम, ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी करायचंच होतं. एक दिवस आधी झालं."

"औषधाशिवाय. न भिजवता. ती थांबा म्हणत असताना."

"मला वाटलं ती खेळतेय."

"तुम्ही माणिकपूरचे ना? तिथल्या मैदानावर लहानपणी काय खेळलात मग?"

त्यांनी फोन हातात घेतला आणि त्यात बघितलं. मला उत्तर मिळालं. त्यांना ती मूठ कळली होती. पहिल्यांदा कळली, आणि म्हणूनच दुसऱ्यांदा करायला लावली, कारण ती छान दिसत होती.

मग ते समजूत काढायला लागले. माझ्या खोलीला एसी लावून देऊ. खेळणी आणू, या वेळी परत न द्यायची. तुम्हाला विभागप्रमुख करू. मी ऐकून घेतलं. भाव चढत होता, आणि मला जी वस्तू हवी होती ती त्यांच्या यादीत येतच नव्हती.

"बोला ना, काय पाहिजे तुम्हाला?"

"खाली चला. तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसा. तिला सांगा, मावशीला मी खोटं सांगितलं होतं. आणि सांगा, तुझी मूठ मला दिसली होती."

"सात वर्षांच्या मुलीसमोर?"

"हो."

"काहीतरीच काय." ते हसले. तेच हसू, वांगी सरकवणारीचं. "मुलं विसरतात हो."

"कोपर विसरत नाही," मी म्हटलं आणि टेबलावरचा त्यांचा पेनस्टँड हाताने झाडून खाली टाकला. पेनं फरशीवर घरंगळली. त्यांनी शिपायाला बोलावलं. मी शिपायाच्या आधीच बाहेर पडले.

कोपर विसरलं नाही. ती घरी गेली तेव्हा हात जवळजवळ काटकोनात अडकला होता. फळी बांधली की ती दाताने पट्टा सोडते, आईने सांगितलं. व्यायामाला हात देत नाही. कुणी ताणतो म्हटलं की घराबाहेर पळते. शाळेत मुली पकडापकडी खेळतात तेव्हा ती भिंतीला टेकून बसते. मी सुट्टीच्या दिवशी चांदीपला जाते. आई अंगणात खुर्ची देते, ताक देते, वागायला चांगली आहे. मुलगी मला पाहिलं की घरामागे जाते. मी तिला खरं काय झालं ते सांगितलं आहे, दारातून, भिंतीपलीकडून, दोन-तीन वेळा. पण ज्या तोंडाने आज पट्टी नाही म्हटलं होतं त्याच तोंडाने ते येतं. तिने का ऐकावं? मी तिच्या जागी असते तर मीही नसतं ऐकलं.

आता त्याच डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे. आखडलेली कातडी कापून दुसरीकडची लावायची. आपण स्वतः करू, कमी खर्चात करू, असं त्यांनी आईला सांगितलं. आईने त्यांचे पाय धरले. मी तिथे उभी होते. ज्याने ते कोपर बंद केलं तोच ते उघडून देण्याचे उपकार करतो आहे आणि त्याच्या पायांवर त्या मुलीची आई वाकली आहे, हे बघून मला बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुवावं लागलं.

ऑपरेशन हातातली कातडी मोकळी करेल. त्यानंतर परत तीच फळी, तोच ताण, त्याच पट्ट्या, आणि फिजिओवाली परत म्हणेल की तिने स्वतः दिला पाहिजे. ती देणार नाही. तिला पटलं आहे की थांब म्हणण्याला काही अर्थ नसतो. हे तिला पटवून देणारा माणूस एकच आहे आणि ते परत घेऊ शकणाराही तोच आहे. ते काम मी करू शकत नाही, सिस्टर करू शकत नाहीत, आई करू शकत नाही.

म्हणून डॉक्टर, मी तुमच्या केबिनमध्ये परत येणार नाही. हे मी सगळ्यांना वाचायला लिहिते आहे, आणि ज्यांनी ते पाय धरलेले पाहिले त्या सगळ्या सिस्टरना, भागीदारांना, आणि तो टीव्ही रोज लावणाऱ्या माणसालाही हे वाचता येतं. ती मुलगी ऑपरेशनला येणार आहे. तिला भूल देण्याआधी, ती शुद्धीत असताना, तिच्या आईसमोर तुम्ही तिला सांगा की तिची मूठ तुम्हाला दिसली होती आणि तरीही तुम्ही थांबला नाहीत. का थांबला नाहीत ते पण सांगा. मला काही सांगू नका, मला तुमचं काहीही नको. तिला उत्तर द्या. कधी देणार आहात?